बाटलीभोवतीची राख

औंढ्याचा महिपती, वाण्याकडून मीठ आणलं तरी चिमूटभर जिभेवर ठेवून बघायचा, मीठच आहे ना म्हणून. कोंबडा रोजच्यापेक्षा लवकर आरवला तर त्याला कुणीतरी मुद्दाम डिवचलं असणार, असं तो धरून चालायचा. अशा माणसाच्या हाती सरकारनं पाऊस मोजायचं काम दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर माणूस चांगलाच निवडला होता. महिपतीपुढं पावसालासुद्धा लबाडी करायची सोय नव्हती.

गावापासून मैलभर वर, घाटाच्या कडेला एका टेकडीवर सरकारी बंगला होता. त्याच्या आवारात, तारेच्या कुंपणाच्या आत, पत्र्याचं एक नळकांडं जमिनीत अर्धं पुरलेलं होतं. वर पितळी काठाचं नसराळं, आत काचेची बाटली. रोज सकाळी आठला महिपतीनं कुलूप काढायचं, बाटलीतलं पाणी मापाच्या ग्लासात ओतायचं, इंच किती आणि सेंट किती ते वाचायचं (शंभर सेंटांचा एक इंच), आणि पुण्याच्या हवामान कचेरीचं छापील कार्ड भरून टपालात टाकायचं. पाऊस नसेल त्या दिवशी एकच शब्द लिहायचा, निरंक. आषाढात दिवसाला आठ-आठ इंच मोजताना त्याच्या बोटांना सुरकुत्या पडत. पण त्या महिन्यांत तो खुशीत असे. धो धो पावसात लबाडी करायला येतो कोण?

हे काम त्याला मिळालं ते धरणामुळं. लोणावळ्याच्या बाजूला धरणाचं काम निघालं तेव्हा महिपती विशीतला होता आणि त्याची धाकटी बहीण धोंडाबाई बारा-तेरा वर्षांची. दोघं दगड वाहायला जात. एकदा महिपतीच्या हातून दगड निसटला आणि धोंडाबाईच्या डाव्या पायावर पडला. अंगठा मोडला तो आत वाकडा वळून बसला, कायमचाच. आईनं विचारलं तेव्हा पोरीनं सांगितलं, "माज्याच हातनं पडला." महिपती तिथंच उभा होता. त्या दिवसापासून सगळ्या जगात त्याचा पुरता विश्वास बसला तो या एका माणसावर. पुढं मोजणीच्या साहेबाची छत्री धरता धरता तो आकडे शिकला आणि धरण बांधून झाल्यावर बाटलीची किल्ली त्याच्या कमरेला आली.

पहिली दहा-बारा वर्षं नीट गेली. मग एका फाल्गुनात, आभाळ लखलखीत असताना, बाटलीत बत्तीस सेंट पाणी निघालं. महिपतीनं मापलं, लिहिलं, कार्ड टाकलं. आठवड्यानं पुण्याहून पत्र आलं की आसपास एकाही ठिकाणी त्या दिवशी पाऊस नाही, तरी खुलासा करावा. महिपती धावत टेकडीवर गेला, बाटली नाकाला लावली, तर लिंबाच्या सोड्याचा वास! बंगल्यात उतरलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी संध्याकाळी हिंडता हिंडता ग्लासातला उरलेला सोडा नसराळ्यात रिकामा केला होता. पुण्याच्या लोकांनी एवढंच लिहिलं की यापुढं दक्षता घ्यावी. औंढ्याचे लोक मात्र एवढ्यावर थांबणारे नव्हते. वर्षभर जो भेटेल तो विचारी, "काय महिपतभाऊ, आज लिंबू का साधा?"

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. महिपती तर पाणीही फुंकून पिऊ लागला. नळकांड्याला कुलूप होतंच, पण नसराळ्याचं तोंड उघडं ठेवावंच लागतं, नाही तर पाऊस शिरायचा कुठून? तेव्हा त्यानं राखेची युक्ती काढली. घरात माणूस गेलं की त्या जागी राख पसरून वर टोपली झाकतात आणि सकाळी बघतात, पाऊल कुणाचं उमटलंय, पाखराचं की गुराचं. जीव कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणतात. मेलेल्याचं पाऊल जिथं उमटतं तिथं जित्याचं का उमटणार नाही, असा महिपतीचा हिशेब. पाऊस सरला की तो रोज सकाळी चुलीतली राख डब्यातून वर न्यायचा आणि बाटलीभोवती हातभर रुंद कडं घालायचा. बायको कस्तुराबाई म्हणायची, "भांडी घासाया राख ठेवा की वाइच." पण तिचं कोण ऐकतो! चार वर्षांत त्या राखेत सरडे आले, साळुंक्या आल्या, एकदा मुंगूस येऊन गेलं. माणूस काही आला नाही. महिपतीच्या मते याचा अर्थ एवढाच की माणूस हुशार आहे.

आणि तो हुशार माणूस कोण, हेही त्यानं ठरवून टाकलं होतं. नूरमहंमद.

नूरमहंमद औंढ्याचाच. ऐन जवानीत घाट उतरून मुंबईच्या गोदीत कोळसा भरायला गेला तो तिथूनच आगबोटीवर चढला. तीस वर्षं एडन, कोलंबो, रंगून, मॉरिशस करून केस पिकल्यावर गावी आला आणि चार शेळ्या पाळून राहिला. बोलायचा फार गोड. संध्याकाळी पारावर माणसं त्याच्याभोवती जमत आणि तो दर्याच्या गोष्टी सांगे.

"आपला अरबी दर्या वरसातनं दोन बारीला पिसाळतो. पावसाच्या म्होरं वैशाखात, अन् पावसाच्या मागनं आश्विन-कार्तिकात. मदी आषाढ-श्रावणात नुसता खवळल्याला असतो, त्येला तुफान म्हनत न्हाईत. बंगालचा दर्या ह्याच्या दुप्पट वंगाळ. अन् मॉरिशसकडं तुफान येतं आपल्या हिवाळ्यात, अन् फिरतं बी उलटं."

"वारा उलटा फिरतो म्हनं!" महिपती लांबूनच बोलला. "उद्या म्हनशील तितं पाऊस खालनं वर पडतो."

लोक हसले. पण पुढच्या वेळी पाऊस कधी उघडेल हे विचारायला ते महिपतीकडं आले नाहीत, नूरमहंमदाकडं गेले. हे महिपतीला फार लागलं.

शिवाय नूरमहंमदाकडं एक वस्तू होती. जुनी बोट मोडीत निघाली तेव्हा कप्तानानं त्याला दिलेलं हवेचं घड्याळ. पितळी डबा, काचेखाली काटा, कडेनं इंग्रजी अक्षरं. महिपतीनं एकदा पोस्टमास्तरांना मुद्दाम त्याच्या ओसरीवर नेलं आणि काटा कुठल्या अक्षरांवर आहे ते वाचून घेतलं. मास्तर म्हणाले, "इथं 'तुफान' लिहिलंय. काटा तर त्याच्याही खाली गेलाय." बाहेर मार्गशीर्षातलं स्वच्छ ऊन पडलं होतं. महिपतीनं महिन्यानं परत पाहिलं, दोन महिन्यांनी पाहिलं. काटा तिथंच.

"बारमाही तुफान दावतंय तुजं घड्याळ," तो म्हणाला. "आतनं खिळून ठिवलंय व्हय?"

नूरमहंमद रागावला नाही. "महिपतभाऊ, ह्ये दर्यावरचं यंत्र. आपुन त्येला दोन हजार फूट वर आनलंय. वर हवा पातळ, म्हनून काटा खालीच बसतो. त्यो कुटं हुबा हाय ते बघायचं न्हाई. कुटं सरकतोय ते बघायचं."

उत्तर खरं होतं. पण संशयी माणसाला खरं उत्तर लगेच मिळालं की त्याचा संशय दुप्पट होतो. महिपतीच्या मनात पक्कं बसलं की याला बाटलीचं काम हवंय, आणि एक ना एक दिवस हा बाटलीत पाणी ओतून आपल्याला पुन्हा हास्यास्पद करणार.

ही गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढच्या एका कार्तिकातली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. आंबेमोहोर कापून झाला होता आणि खाचरा-खाचरांत आडवा वाळत पडला होता. हे तीन-चार दिवस मावळात फार नाजूक. कापलेलं भात नीट वाळल्याशिवाय रचलं तर आतून तापतं, दाणा काळा पडतो. आणि वाळत असताना पाऊस आला तर सगळंच गेलं. महिपतीची तीन खाचरं होती. धोंडाबाईचं एकच. नवरा गेल्यापासून ती त्या एका खाचरावर जगत होती. त्यात जे पिकेल तेच तिचं वर्षाचं अन्न, दुसरं काही नाही.

एरवी त्या दिवसांत पहाटे घोंगडी लागते. त्या वर्षी अंगाला घाम सुटत होता. वारा पूर्वेकडून, तोही थांबून थांबून. नूरमहंमद संध्याकाळी घाटाच्या कडेला जाऊन उभा राहायचा आणि नैर्ऋत्येकडच्या आभाळात पिंजलेल्या कापसासारखे ढग एकाच जागेतून फाकलेले दिसत, ते बघत बसायचा. सूर्य मावळला की सगळं आभाळ तांब्याच्या रंगाचं होई.

त्यातच सुकी मासळी विकणारी शालूबाई कोळीण गाडीनं घाट चढून आली ती अर्धी टोपली रिकामी घेऊन. पारावर बसून ती म्हणाली, "होड्या वर ओढून ठेवल्यान. वारा नाय, माडाचं पान हालत नाय, पन लाट बघशील तर पुरुषभर. लांबून लांबून येते आन् आपटते."

नूरमहंमद उठून उभाच राहिला. "वारा न्हाई अन् लाट मोठी, म्हंजी तुफान लांब हाय अन् लाट म्होरं धाडलीया. काटा कालपास्नं दोन घरं उतरलाय. ऐका माजं, भात उचला. काळं पडलं तर पडू द्या, व्हावून जानार तर न्हाई."

पाच-सहा घरांनी त्याच दिवशी भात उचलायला घेतलं. बाकीच्यांनी महिपतीकडं पाहिलं. महिपती शालूबाईकडं बघत होता. ही बरोबर आजच कशी आली? आणि याच्याच बाजूचं कशी बोलली? दोघांनी संगनमत केलंय, हे त्याला हातच्या काकणाइतकं स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यानं बाटली काढली. तळाशी पाणी. चार सेंट!

गावात तर थेंब पडला नव्हता. आवारातलं गवत ओलं होतं, पण ते दवानं रोजच ओलं असतं. त्यानं पाण्यात बोट बुडवून चाखलं. सोडा नव्हता, साखर नव्हती, साधं पाणी. म्हणजे यंदा चोरानं अक्कल वापरली होती. कापणीच्या धांदलीत आपण काल राख टाकायचं विसरलो, आणि यानं नेमका तोच दिवस गाठला! महिपतीनं पाणी कुंपणाबाहेर फेकलं आणि कार्डावर लिहिलं, निरंक. मग खाली जाऊन दोन डबे राख आणली आणि कडं घातलं, नेहमीपेक्षा दुप्पट रुंद.

दुपारी धोंडाबाई आली. "दादा, नूरभाऊ म्हनत्यात उचल. शेजारचे बी उचलाया लागलं. पन भात अजून वलं हाय, आता रचलं तर काळं पडंल. मी काय करू? तुजी बाटली काय म्हनती?"

"बाटली कोरडी हाय," महिपती म्हणाला. आपण खोटं बोलतोय असं त्याला वाटलंसुद्धा नाही. ओतलेलं पाणी म्हणजे पाऊस नव्हे, एवढं सरळ होतं त्याला. "वाळू दे निवांत. त्येच्या घड्याळाला बारा महिने तुफानच दिसतंय."

"तू म्हनतूस तर ऱ्हाऊ दे," धोंडाबाई म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या सकाळी महिपती टेकडी चढला तो जवळजवळ धावतच. आज चोर सापडणार होता. कुंपणाशी येऊन त्यानं पाहिलं. राखेत पाऊल नव्हतं. पण सगळ्या कड्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक बारीक गोल खड्डे पडलेले. बाटलीत अकरा सेंट.

दुसरा कुणी असता तर त्यानं वर आभाळाकडं पाहिलं असतं. महिपती खाली वाकून राखेकडंच बघत राहिला. हे खड्डे कशाचे? शेळीच्या खुराचे नव्हेत, लहान आहेत. बोटांचेही नव्हेत. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. चोरानं आधी पाणी ओतलं, मग राखेतलं आपलं पाऊल पुसलं, आणि पुसल्याची खूण झाकायला वरून हातानं पाणी शिंपडलं! तीस वर्षं देशोदेशी हिंडलेल्या माणसाशिवाय हे कुणाला सुचणार? अकरा सेंट कुंपणाबाहेर गेले. कार्डावर निरंक.

तिथून तो सरळ नूरमहंमदाच्या ओसरीवर. नूरमहंमद घड्याळावर टिचकी मारून काटा बघत होता.

"राखंवर पानी शितडून सुटशील व्हय रं?" महिपती ओरडला. "मी दुदखुळा न्हाई!"

नूरमहंमदाला आधी काही उमगेना. उमगलं तसा त्याचा चेहरा उतरला. "राखंत खड्डं पडल्यात? गोल? समद्याकडनं सारखं?" तो खाली उतरून महिपतीच्या अगदी जवळ आला. "अवो महिपतभाऊ, त्ये थेंब हायत पावसाचं. तुफानाची पहिली झड घाटमाथ्याला लागून जाती, खाली गावात कळत बी न्हाई. बाटलीत किती हुतं?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"अल्लाची आन घिऊन सांगतो, मी तिकडं फिरकलो न्हाई. माज्यावर राग काढा, काय बी करा, पन धोंडाबाईचं भात तेवढं उचला. म्या काल सांगितलं तर म्हनली, दादाची बाटली कोरडी हाय."

बहिणीचं नाव या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर महिपतीचं डोकं आणखीच फिरलं. आता हा तिलाही फितवायला निघाला. तो वळला आणि चालू लागला. वाटेत धोंडाबाईचं खाचर लागलं. ती भाताची पेंढी उलटी करून वाळवत होती. तिनं मान वर करून पाहिलं. महिपतीनं हातानंच खूण केली, असू दे.

दुपार कलली तसं आभाळ एकदम खाली आलं. पूर्वेचा वारा सुटला तो झाडं वाकवतच. आणि मग पाऊस. आषाढातला नव्हे, आषाढातला पाऊस ओळखीचा असतो. हा आडवा, फटकारे मारणारा. लोक घोंगड्या घेऊन खाचरांकडं धावले, पण बैल गेला आणि झोपा केला, असंच ते. रात्रभर आणि पुढचा सबंध दिवस वारा थांबला नाही. खाचरं काठोकाठ भरली, कापलेलं भात तरंगलं आणि वाहत बांधाशी जाऊन अडकलं. धोंडाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून पेंढ्या गोळा करत होती आणि वारा त्या तिच्या हातून काढून नेत होता. महिपती तिच्या बाजूला उभा राहून तेच करत होता. त्याची स्वतःची तीन खाचरं तशीच बुडाली, तिकडं तो गेलाच नाही.

तुफान लागल्यावरच्या पहिल्या सकाळी बाटली भरून बाहेरच्या नळकांड्यात सांडली होती. सात इंच साठ सेंट. राखेचा मागमूस नव्हता. महिपतीनं आकडा लिहिला.

तुफान लागल्यापासून चौथ्या दिवशी ऊन पडलं. गोळा केलेल्या भाताला पांढरे मोड आले होते. गुरांनी ते खाल्लं. ज्यांनी नूरमहंमदाचं ऐकलं होतं त्यांचा दाणा काळवंडला, पण पोटाला पुरला.

पंधरवड्यानं पुण्याहून पत्र आलं. तुफानाच्या आदल्या दोन दिवशी घाटमाथ्यावर इतर ठिकाणी हलक्या सरींची नोंद आहे, आपल्याकडं निरंक, तरी खुलासा करावा. पोस्टमास्तरांनी पत्र वाचून दाखवलं आणि शाई-टाक पुढं ओढला. म्हणाले, "लिहू का, आपल्याकडं सर आली नसावी म्हणून? कोण बघायला येतंय."

"लिवा," महिपती म्हणाला. "पानी हुतं. म्या वतून दिलं."

तिथून तो बहिणीकडं गेला. धोंडाबाई सुपात मोडाचे दाणे निवडत बसली होती. नूरमहंमदानं पाठवलेलं अर्धं पोतं तांदूळ कोपऱ्यात होतं.

"धोंडे," महिपती उभ्याउभ्याच म्हणाला, "तवा बाटली कोरडी नव्हती. दोनी दिस पानी हुतं. मला वाटलं कुनी वतलंय."

तिनं सूप खाली ठेवलं. महिपतीला वाटलं ही आता रडेल, शिव्या देईल, आणि तो त्यासाठी तयार होऊन आला होता. ती म्हणाली, "मला तवाच सांगायचं हुतंस, दादा. पानी हाय म्हनून. कुनी वतलं ते मी बगितलं असतं." आणि पुन्हा दाणे निवडू लागली.

ते वर्ष सरलं. महिपती नूरमहंमदाच्या ओसरीवर जाऊन बसू लागला. माफी त्यानं मागितली नाही, पण काटा कुठून कुठं सरकला ते रोज विचारायचा आणि कार्डाच्या मागं लिहून ठेवायचा. पाऊस सरल्यावर राखही तो टाकतच राहिला. आता का टाकतो, हे त्यालाही सांगता आलं नसतं. हाताची सवय जात नाही म्हणतात.

पुन्हा कार्तिक आला. आभाळ निरभ्र, पहाटे घोंगडी, काटा जागच्या जागी. धोंडाबाईचं भात उभं होतं, तिनं अजून कोयता लावला नव्हता. आदल्या संध्याकाळीच महिपती तिला सांगून आला होता, "काप आता. बाटली कोरडी हाय." ती "बरं" म्हणाली होती.

सकाळी आठला तो टेकडीवर पोचला. कुंपणाशीच थांबला.

राखेत पाऊल होतं. माणसाचं, अनवाणी, बाटलीपर्यंत गेलेलं आणि परत आलेलं. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते पाऊल. महिपती खाली बसला. डाव्या पावलाचा अंगठा आत वळलेला होता, वाकडा.

मग उठून त्यानं कुलूप काढलं, बाटली उन्हात धरली, उलटी केली. कोरडी. कार्डावर लिहिलं, निरंक. खाली गावाकडं पाहिलं तर धोंडाबाई आपल्या खाचरात वाकून भात कापत होती. अर्धं कापूनही झालं होतं.

त्या दिवशी महिपतीनं राख पुसली नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला नाही. कस्तुराबाईला भांडी घासायला राख पुरू लागली.